चुकीची ज्वारी

ब्रुकफील्ड, अमेरिका
४ सप्टेंबर १९७७

प्रिय रूपदादा,
सप्रेम नमस्कार.

राखी उशिरा पोचेल त्यात पोस्टाचा दोष नाही, माझाच आहे. आईला मात्र पोस्टाचाच सांग.

सध्या मी फार वैतागले आहे आणि इथे ऐकून घ्यायला कुणी नाही. घरात मी आणि मांजर. मांजराला विम्यातलं कळत नाही, म्हणून तुला लिहिते. तुलाही कळत नाही, पण तू निदान उत्तर देतोस.

इथे डॉक्टरला विमा उतरवावा लागतो. स्वतःच्या जिवाचा नव्हे, स्वतःच्या चुकीचा. पेशंटचं काही बिघडलं आणि तो कोर्टात गेला, तर भरपाई विमा कंपनी देते. त्यासाठी आम्ही दरवर्षी कंपनीला हप्ता भरायचा. बाळंतपणं करणाऱ्यांचा हप्ता सगळ्यांत जड, कारण आमच्या हातात एका वेळी दोन जीव असतात. तो इतका चढला आहे की वर्षातले पहिले काही महिने मी कंपनीसाठीच बाळंतपणं करते असं वाटतं. माझ्या ओळखीतल्या दोघांनी बाळंतपणं सोडून दिली. आता कंपनीला दर आणखी वाढवायचा आहे. मात्र आमच्या राज्यात सरकारचा एक विमा आयुक्त असतो. त्याने हो म्हटल्याशिवाय दर वाढवता येत नाही. वसंतात त्याच्यापुढे जाहीर सुनावणी आहे. तोपर्यंत मी नखं खात बसणार.

तूही डॉक्टरच, तुला वडनेरला असला काही विमा आहे का? तुझ्या हातून चूक झाली आणि कुणी अंगावर आलं, तर तू काय करतोस?

तुझी,
कोकिळा


वडनेर, ता. हिंगणघाट
२ ऑक्टोबर १९७७

प्रिय कोकिळा,
अनेक आशीर्वाद.

मी काय करतो विचारतेस. मी मागच्या दाराने निघून जातो.

विनोद नाही. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात चिंधूची दाढ काढली. तो तोंड उघडून "हेच, हेच" करत होता, मी काढली. घरी गेल्यावर त्याला कळलं की दुखणारी जागच्या जागी आहे आणि तिच्या शेजारची चांगली दाढ माझ्या ताटलीत राहिली. संध्याकाळी त्याचे तिघे भाऊ काठ्या घेऊन दवाखान्यात. मी मागच्या दाराने निघालो तो थेट आत्याच्या अंगणात. तुझी आई शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "बस. पैले शेंगा फोड, मंग सांग काय केलं." तिने सरपंच तानबाला बोलावणं धाडलं. तानबाने भावांना शांत केलं आणि चिंधूची दुसरी दाढ मी फुकट काढून दिली. त्या वेळी मी ती आधी तिघा भावांना दाखवून घेतली.

चूक माझी इथपर्यंत नाही. पुढे आहे. सगळे ओट्यावर चहा पीत बसले होते, तेव्हा मी तुझं पत्र वाचून दाखवलं. गंमत म्हणून. तानबा मात्र गंभीर झाला. आणीबाणी उठल्यापासून त्याला सभा घ्यायची हौस आली आहे. म्हणाला, "अमेरिकेत डॉक्टर चुकते, त सरकार मधात पडते. मंग आपल्या डॉक्टरनं काय घोडं मारलं? त्याले काऊन काठ्या?"

रविवारी ग्रामपंचायतीत सभा झाली आणि ठराव पास झाला. नवी ज्वारी निघाली की घरटी एक पायली ज्वारी पंचायतीच्या कोठीत टाकायची. डॉक्टरच्या हातून ज्याचं नुकसान झालं, त्याने पंचांपुढे यायचं. पंच ठरवतील तेवढी ज्वारी त्याला कोठीतून मिळेल. डॉक्टरच्या अंगाला हात लावायचा नाही, हिंगणघाटच्या कोर्टात जायचं नाही. माझे डोळे भरून आले बाई. आभाराचं भाषण करायला उभा राहणार, एवढ्यात तानबा म्हणाला, "आता दुसरा ठराव. डॉक्टरचा विमा गाव भरून राह्यलं. म्हणून गावाले विचारल्याबिगर डॉक्टरनं फी वाढवू नये."

आत्याने सगळ्यांत आधी हात वर केला.

मी दिवाळीपासून दोनाचे तीन रुपये करणार होतो, हे फक्त तिला माहीत होतं. आता मी वडनेर सरकारच्या नियंत्रणाखाली आहे. तुझ्या आयुक्ताला माझा नमस्कार सांग.

तुझा,
रूपराव


ब्रुकफील्ड
२३ ऑक्टोबर १९७७

प्रिय रूपदादा,

पत्र दवाखान्यात वाचलं आणि इतकी हसले की नर्स पाणी घेऊन आली. तिला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. "तुमच्या भावाने खरंच चुकीचा दात काढला?" एवढंच तिने विचारलं. म्हणून पुढचं सांगितलं नाही.

आता थोडं कामाचं. तुमच्या विम्यात मोठीच गोम आहे. इथे हप्ता डॉक्टर भरतो. तुमच्याकडे हप्ता पेशंटच भरणार आणि भरपाईही पेशंटच घेणार. म्हणजे ज्याने एक पायली टाकली, त्याला कधी ना कधी वाटणारच की आपली पायली परत आली पाहिजे. मला इथे बरीच वर्षं झाली, दादा. भरलेली कोठी दिसली की माणसाला स्वतःचं दुखणं आठवतं. तानबाभाऊंना सांग, आधी नियम करा. चूक म्हणजे काय, ते लिहून ठेवा. इथे त्यावरच वकिलांची घरं बांधली जातात.

आईने हात वर केला ते बरं केलं. तीन रुपये फार होतात.

कोकिळा


वडनेर
१५ जानेवारी १९७८

प्रिय कोकिळा,
आशीर्वाद.

तुझं खरं झालं. ज्वारी कोठीत पडली आणि गाव आजारी पडलं. आधी औषधाने बरं होत असे, आता औषधामुळे बिघडायला लागलं. दर रविवारी पंच बसतात. मी बाजूला स्टुलावर. लोक त्याला विमा म्हणत नाहीत, "चुकीची ज्वारी" म्हणतात. "का हो, तुमाले भेटली का चुकीची ज्वारी?" असं एकमेकांना विचारतात.

पहिला आला श्रावण. त्याचं म्हणणं, त्याला आणि शेजाऱ्याला एकच ताप होता. दोघांनी दोन-दोन रुपये दिले. शेजाऱ्याला सुई मिळाली, ह्याला नुसत्या गोळ्या. मी म्हटलं, "अरे, पण तू बरा झालास ना?" तो म्हणे, "बरा झालो, पण सुईचे पैसे देऊन गोळीनं झालो." पंचांनी त्याला काही दिलं नाही, पण मला बजावलं की निदान विचारत जा.

मग मोतीलाल मिठाईवाला. त्याच्या लघवीत साखर निघाली म्हणून मी त्याचं गोड बंद केलं. आता तो दुकानात बसतो आणि स्वतःचा पेढा तोंडात टाकत नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, ह्याच्या मालात काही तरी आहे, हाच खात नाही. विक्री बसली. ह्याची भरपाई कोण देणार? तानबाने फार विचार केला आणि निकाल दिला की डॉक्टरने दर गुरुवारी बाजाराच्या वेळी मोतीलालच्या दुकानात उभं राहून सगळ्यांदेखत दोन पेढे खावे. मी खातो आहे. तुझी वहिनी म्हणते पोट सुटलं.

अण्णाजी गुरुजी आले तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. सहा-सात वर्षांपूर्वी त्यांचं हृदय फार अशक्त झालं होतं. मी मुलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, वर्षभर काढतील असं वाटत नाही. गुरुजींनी ते ऐकलं आणि शेत मुलांच्या नावावर करून टाकलं. आता ते ठणठणीत आहेत, मुलं मात्र विचारत नाहीत. पंचांपुढे काठी टेकून उभे राहिले आणि शुद्ध भाषेत म्हणाले, "डॉक्टरांच्या सांगण्यावर विसंबून मी मेलो. ते घडलं नाही. माझं झालेलं नुकसान भरून मिळावं." तानबाने गुरुजींना कोठीतून महिन्याला लागेल तेवढी ज्वारी लावून दिली आणि दोन्ही मुलांना भर सभेत उभं केलं. म्हणाला, "डॉक्टर चुकला ते गाव भरून देईन. तुम्ही चुकले ते कोन भरून देईन?" थोरला मुलगा त्याच संध्याकाळी गुरुजींना घरी घेऊन गेला. ज्वारी तशीच वाचली.

आत्या बरी आहे. बोरं पाडायला उलट्या घमेल्यावर चढली आणि पडली. हात जरा मुरगळला आहे, पट्टी बांधून दिली. म्हणून तिचं पत्र नाही. काळजी करू नकोस.

रूपराव


ब्रुकफील्ड
३१ जानेवारी १९७८

दादा,

कोणता हात? पडताना तळवा टेकला होता का? मनगट फुगलं होतं की वाकडं दिसत होतं? सेवाग्रामच्या इस्पितळात नेऊन हाडाचा फोटो काढला का? पेढ्यांवर एक पान लिहिलंस आणि आईच्या हातावर तीन ओळी. मी तुला ओळखते. चौथीत माझी पाटी फोडलीस तेव्हाही असंच म्हणाला होतास, "पाटी बरी आहे."

मीही तुझ्यापासून एक लपवलं. सप्टेंबरमध्ये हप्त्याबद्दल इतकं रडले, त्याचं कारण नुसता हप्ता नव्हता. माझ्यावर खटला झाला आहे. मागच्या वसंतात डॉरिस नावाच्या बाईचं बाळंतपण मी केलं. नवरा ट्रक चालवतो, पहिलंच मूल. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. वेळ फार थोडा होता. मी मूल ओढून काढलं. जगलं, पण हाताच्या नसा ताणल्या गेल्या. त्याला उजवा हात वर उचलता येत नाही. दुसऱ्या डॉक्टरला हाक मारायला हवी होती का? थोडं वेगळं वळवलं असतं तर? मी रोज स्वतःला विचारते आणि रोज उत्तर निराळं येतं.

त्या बाईला जाऊन भेटावं, एवढंच मनात आहे. पण कंपनीच्या वकिलाने सक्त बजावलं आहे की पेशंटशी एक शब्द बोलायचा नाही. वाईट वाटलं म्हणालात, तर ती कबुली ठरेल आणि मग कंपनी हात वर करील. दुकानात ती समोर आली तर मी दुसऱ्या रांगेत जाते.

उलट टपाली उत्तर दे. आईच्या हाताचं.

कोकिळा


वडनेर
२ मार्च १९७८

चि. कोकीस आईचे आशीर्वाद.

शाळेतली नलूबाई मास्तरीण लिहून राह्यली, मी सांगून राह्यली. तिले म्हटलं, मी बोलीन तसंच लिहिजो, सुधरवू नको.

रूपराव तुले सांगणार नाई, म्हणून मी सांगते. उजवा हात. तळव्यावरच पडली. तो आला, दाबून पाह्यलं, म्हणे आत्या, मुरगळला. पट्टी बांधली, शेक सांगितला. मी म्हटलं, डॉक्टर तू हायेस. पट्टी सोडली त हात वाकडा. भाकर थापाले गेली त भाकर एका अंगानं जाड. मंग मीच म्हटलं, चाल सेवाग्रामले. तिथं फोटो काढला. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, हाडूक मोडलं होतं, अन् तसंच वाकडं जुळलं. आता या वयात पुन्हा मोडून बसवाचं नाई, हात हलवत राहा, चालन तेवढं चालन.

येताना एसटीत रूपराव खिडकीकडे तोंड करून बसला. घरी आला त जेवला नाई. चार दिवस माह्या दारावरून मान खाली घालून जाये. मले त्याचा राग नोता आला, पण हे पाहून आला. हात माहा मोडला अन् तोंड यानं पाडलं. मलेच त्याले समजवा लागे.

म्हणून मी रविवारी पंचायतीत गेली. तानबा म्हणे, "मनकर्णाबाई, तुमी काऊन आल्या? घरचं घरात मिटवा." मी म्हटलं, मी बी एक पायली ज्वारी टाकली हाये. माही चुकीची ज्वारी मले पाह्यजे. हा स्टुलावर बसला होता, त्याचं तोंड पांढरं झालं. मी हात वर करून सगळ्याइले दाखवला. म्हटलं, डॉक्टरसाहेब, हे काय हाये ते तुमीच सांगा.

तो उठला. म्हणाला, "हाड मोडलं होतं. मले समजलं नाई. फोटो काढाले पाह्यजे होता, मी काढला नाई. मी चुकलो, आत्या." एवढंच बोलला अन् बसला. मंग चिंधू मागून म्हणे, "माह्या दाढेच्या वेळेस असं म्हटलं असतं त आमी काठ्या आनल्याच नसत्या."

तानबानं विचारलं, किती ज्वारी पाह्यजे. मी म्हटलं, ज्वारी घेऊन काय करू, थापाले हात नाई. माह्या हाताले जोर येईतोवर रोज सकाळी डॉक्टरनं येऊन माह्या भाकरी थापाव्या. दुसरं, आतापासून कोनी पडलं, झडलं, त डॉक्टरनं त्याले पैले सेवाग्रामले धाडावं, अन् जायायेयाचं भाडं या कोठीतल्या ज्वारीतून निंघावं. चुकल्यावर वाटत बसण्यापरीस चुकू नये म्हणून खर्च करा. दोनी ठराव पास झाले. पहिल्याले टाळ्या जास्त पडल्या.

आता रोज सकाळी तो येते. पयली भाकर नकाशासारखी झाली. बाया पाणी भराचं सोडून पाहाले उभ्या राह्यत. आता बरी येते. तो थापते, मी बोलते. मुंबईहून डॉक्टर होऊन आलेले पोरं आपल्या आत्याशी एवढं बोलत नसन.

त्याच्यावर रागवू नको. रागवाचं ते मी रागवली.

तुझी आई


वडनेर
९ मार्च १९७८

प्रिय कोकिळा,

आत्याने सगळं लिहिलं म्हणते. नलूबाईंनी मला वाचूनही दाखवलं, वर भाकरीच्या नकाशावर स्वतःचं हसू दाबलं.

तुला लिहायला घेतलं होतं, दोनदा. तीन ओळींच्या पुढे गेलो नाही. काठ्यांना मी भ्यालो नव्हतो एवढा तुझ्या पत्राला भ्यालो. तू कोणता हात, तळवा टेकला का, असं विचारलंस. नेमकं हेच मी तिला विचारायला हवं होतं. दवाखान्यात गर्दी थांबली होती, आत्या "काई नाई झालं" म्हणत होती, आणि मलाही ते खरंच असावं असं वाटत होतं. एवढंच कारण आहे. ते कारण पुरेसं नाही हे मला माहीत आहे.

सभेत उभा राहिलो तेव्हा वाटलं, आता दवाखाना बंद. माझ्याकडे कोण येणार? दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. श्रावण म्हणाला, "आता तुमी जे मुरगळलं म्हणान ते मुरगळलंच असन." मला त्याचं लॉजिक कळलं नाही, पण फी त्याने न मागता दिली.

तुझ्या खटल्याबद्दल काय लिहू? मी तिथला कायदा जाणत नाही. तुझा वकील शहाणा असेल. मी फक्त आमच्या घरचं सांगतो. आत्याच्या दारावरून मान खाली घालून गेलो ते चार दिवस, आणि सभेत बोललो ते दोन क्षण. पुन्हा निवडायचं झालं तर मी ते दोन क्षणच घेईन.

भाकरी आता फुगते.

रूपराव


ब्रुकफील्ड
२६ मार्च १९७८

दादा,

मी तुझ्यावर तीन दिवस चिडले होते. चौथ्या दिवशी तू चुलीपुढे उकिडवा बसलेला डोळ्यांपुढे आलास आणि राग टिकेना. आईच्या मनगटाचे व्यायाम वेगळ्या कागदावर काढून पाठवले आहेत. ते तू करून घे. ती "काई नाई झालं" म्हणेल. ऐकू नकोस.

सुनावणी झाली. मोठी खोली, पुढे आयुक्त, बाजूला टंकलेखन करणारी बाई. कंपनीने तक्ते लावले. डॉक्टरांच्या बाजूने मलाही बोलायला लावलं. मी दरावरच बोलणार होते. पण कंपनीचा माणूस म्हणाला, आमच्या पद्धतीशिवाय दुसरी पद्धत जगात चालूच शकत नाही. मग मला राहवलं नाही. म्हटलं, माझ्या आईच्या गावात चालते. हप्ता ज्वारीत भरतात, दर सरपंच ठरवतो, आणि डॉक्टर सर्वांसमोर उभा राहून चूक सांगतो. खोलीत हशा झाला. टंकलेखन करणाऱ्या बाईने ज्वारीचं स्पेलिंग विचारलं. आयुक्त हसला नाही. "आणि त्यानंतर खटले वाढले की कमी झाले?" असं विचारलं. मी सांगितलं, वाढले, पण एकही कोर्टात गेला नाही. त्याने ते लिहून घेतलं.

दर वाढवायची परवानगी त्याने एक वर्ष रोखली आहे. वडनेरमुळे नव्हे, कंपनीचे आकडेच जुळत नव्हते. पण तानबाभाऊंना सांगताना वडनेरमुळेच असं सांग.

सुनावणीनंतर गाडीत बसले आणि घरी न जाता डॉरिसच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं, कडेवर मूल. मी म्हटलं, "वकिलांनी मला इथे यायला मनाई केली आहे. तुमच्या मुलाच्या हाताचं मला फार वाईट वाटतं. माझ्याकडून काय राहिलं, ह्याचा मी रोज विचार करते." तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "मागच्या महिन्यात दुकानात मला पाहून तुम्ही पळालात. त्या दिवशी मी वकिलाला सांगितलं, ह्या बाईला सोडायचं नाही." आत ये म्हणाली नाही. दार मात्र आपटलं नाही, हळूच लावलं.

कंपनीच्या वकिलाला मी स्वतःच फोन करून हे सांगितलं. त्याने मला तेच पुन्हा सांगायला लावलं, हळूहळू, लिहून घेता येईल असं.

कोकिळा


वडनेर
२० ऑगस्ट १९७८

प्रिय कोकिळा,

राखी ह्या वेळी वेळेवर मिळाली. आत्याने पोस्टमनला चहा पाजला.

आत्या आता स्वतः भाकरी थापते. हात वाकडाच आहे, जोर आला आहे. माझी सुटका झाली म्हणून निरोप घ्यायला गेलो, तर तिने सांगितलं, "सकाळी येत जाजो. थापू नको, नुसता बस." जातो.

कोठीतल्या ज्वारीवर आजवर बरीच माणसं सेवाग्रामला जाऊन आली. तानबाचा धाकटा भाऊ बैलगाडीवरून पडला, मला मुरगळल्यासारखंच वाटलं होतं. पाठवला. हाड मोडलेलं निघालं, प्लास्टर घालून सरळ जुळलं. तानबाने ह्या खुशीत मला तीन रुपये फी मंजूर करायचा ठराव मांडला. आत्या उभी राहिली आणि तिने तो अडीचवर आणून बसवला. सुटे पन्नास पैसे गावात कुणाकडेच नसतात, त्यामुळे मी अजून दोनच घेतो.

तुझ्या खटल्याचं काही लिहीत नाहीस. वकिलाने तुझी जीभ परत बांधली का?

रूपराव


ब्रुकफील्ड
११ फेब्रुवारी १९७९

प्रिय रूपदादा,

इतके महिने लिहिलं नाही, कारण जे घडत होतं ते माझंच मला खरं वाटत नव्हतं.

खटला चालू आहे. मागे घेतलेला नाही. डॉरिसचं म्हणणं सरळ आहे: मुलाच्या हातावर वर्षानुवर्षं उपचार लागणार, ट्रक चालवून ते भागणार नाही, पैसा कंपनीकडे आहे. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. मी दारात जे बोलले, ते तिच्या वकिलाने कोर्टात मांडलं आहे. कंपनीचा वकील माझ्याकडे बघताना अजूनही डोळे मिटतो.

पण सप्टेंबरमध्ये एके सकाळी माझ्या दवाखान्यात नर्स घाबरीघुबरी आत आली. म्हणाली, "बाहेर ती आली आहे." मला वाटलं समन्स घेऊन आली. डॉरिस आत आली, खुर्चीत बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मला पुन्हा दिवस गेले आहेत."

मी म्हटलं, "गावात आणखी दोन डॉक्टर आहेत."

"दोघांकडे जाऊन आले," ती म्हणाली. "दोघेही म्हणतात, काळजी करू नका, काही होणार नाही. काय होऊ शकतं हे मला माहीत आहे. ते तुम्हालाही माहीत आहे. मला अशी डॉक्टर हवी."

दादा, मी औषधाची चिठ्ठी लिहून दिली. ती तिने घडी करून पर्समध्ये ठेवली.

दोन्ही वकिलांनी आम्हाला वेडं ठरवलं आहे. माझा म्हणतो, जिने तुमच्यावर दावा लावला आहे तिचं बाळंतपण करणं म्हणजे आगीत हात घालणं. तिचा म्हणतो, ह्याने आपला दावा कच्चा होतो. दर महिन्याला ती येते, मी तपासते, पोराचा हात कसा आहे विचारते, आणि जाताना ती सांगते की पुढच्या तारखेला कोर्टात भेटू. ह्या खेपेला मूल मोठं आहे, म्हणून मी आधीपासूनच दुसऱ्या डॉक्टरला बरोबर घेतलं आहे. शस्त्रक्रिया करावी लागली तर खोली तयार ठेवायला सांगितली आहे. तिच्यापासून काहीही लपवलेलं नाही. ती प्रश्न विचारते, मी उत्तर देते. कधी कधी उत्तर "माहीत नाही" असं असतं.

परवा कोर्टाची तारीख लागली, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. तिचे दिवसही त्याच आठवड्यात भरतात. आम्ही दोघींनी मिळून कोर्टाकडे पुढची तारीख मागितली. एकाच अर्जावर वादी आणि प्रतिवादी, दोघींच्या सह्या. कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, कारण काय लिहू?

डॉरिस म्हणाली, "लिहा, दोघीही त्या दिवशी दवाखान्यात असणार आहोत."

तुझी,
कोकिळा